रत्नीची बोणी

नाणं हातात पडलं की अण्णा ते आधी घोडीच्या कपाळाला लावायचे, मग स्वतःच्या. घोडीच्या कपाळावर पांढरा टिक्का, अण्णांच्या कपाळावर भस्माचे आडवे पट्टे. एवढं झालं की ते नाणं कमरेच्या पिशवीत न जाता सदऱ्याच्या आतल्या खिशात जायचं, आणि मी कालच बिदरला आले असावे अशा थाटात अण्णा मला रोज समजावून सांगायचे.

"बोणी तिची, बाई. माझं दुसऱ्यापासून."

बोणी म्हणजे दिवसाची पहिली कमाई, हे तुम्हाला सांगायला नको. दुकानदार ती डोळ्यांना लावून स्वतःच्या गल्ल्यात टाकतो. अण्णा टांगेवाले होते, आणि त्यांची रोजची बोणी मी होते.

निजामाचं राज्य जाऊन थोडेच दिवस झाले होते. मुलींच्या शाळेत माझी नेमणूक झाली आणि गावाच्या कडेला, मैलूरला एका घरात खोली मिळाली. मला पायी चालायला फार आवडतं, अजूनही. पण घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की बाईमाणसानं एकटीनं भर गावातल्या चौबाऱ्याच्या बुरुजापर्यंत चालत जायचं नाही, टांगा करायचा, तोही ओळखीचा. शाळेच्या हेडबाईंचंही तेच मत. तेव्हा मी त्या टांग्यात बसत होते ते हौसेनं नाही. चारी बाजूंनी पडदा आणि पडद्याच्या फटीतून दिसेल तेवढं बिदर, अशी माझी सकाळ असे.

इतर शिक्षिका टांग्याचे पैसे महिन्याला देत. मीही अण्णांना तसं सुचवून पाहिलं. त्यांनी घोडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"महिन्याला दिलात तर बोणी एकदाच व्हायची की बाई. बाकीचे दिवस हिनं काय करावं?"

हिनं म्हणजे रत्नीनं. रत्नी तपकिरी रंगाची, जाड मानेची घोडी होती. तिची बोणी अण्णा साठवत होते ते तिच्या आजारपणासाठी. माणसं लेकीच्या लग्नासाठी साठवतात, पडक्या भिंतीसाठी साठवतात. अण्णा जनावरांच्या डॉक्टरासाठी साठवत. तबेल्याच्या भिंतीत, रत्नीच्या तोंडाच्या वर, त्यांनी मातीचा गल्ला लिंपून बसवला होता. बाहेर फक्त नाणं जाईल एवढी फट. फोडल्याशिवाय पैसा काढायचा नाही, आणि रत्नी आजारी पडल्याशिवाय फोडायचा नाही.

आता तुम्ही विचाराल की बाकीच्या टांगेवाल्यांच्या घोड्यांना दुखणी येत नव्हती का. येत होती. त्यांच्यासाठी टांगा अड्ड्यावर एक पेटी होती. दर शुक्रवारी प्रत्येकानं तिच्यात थोडं टाकायचं आणि कुणाचं घोडं मेलं तर पेटी उघडून त्याला नवं घ्यायला मदत करायची. पेटी ज्यांच्या ताब्यात असे त्यांना सगळे चाचा म्हणत. पांढऱ्या दाढीचे, कमी बोलणारे, सरळ गृहस्थ. अण्णाही आधी त्या पेटीत होते. मग अड्ड्यावरच्या एका टांगेवाल्याचं म्हातारं घोडं लंगडायला लागलं. त्यानं औषधपाणी केलं नाही, तसंच जुंपत राहिला. घोडं मेलं, आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या टांग्याला तरणाबांड घोडा दिसला. त्या दिवशी अण्णा पेटीतून बाहेर पडले.

"मेल्यावर उघडती ती पेटी काय कामाची? जित्याला का न्हाई उघडत?" असं त्यांनी चाचांना भर अड्ड्यात विचारलं.

चाचांचं उत्तर मला अजूनही पटतं. "अण्णा, मरे सो घोडा सबकू दिखता. बीमार घोडा बस मालिक कू दिखता. हिसाब कैसा रखना?"

अण्णांना ते पटलं नाही. ते मूळचे मादन हिप्परग्याचे. तिथल्या देवळात जाऊन त्यांनी कौल लावला. ओलं फूल देवाच्या अंगाला चिकटवायचं, प्रश्न विचारायचा आणि उभं राहायचं. फूल उजवीकडे पडलं तर होकार, डावीकडे पडलं तर नकार. फूल उजवीकडे पडलं. मग काय, साक्षात देवानंच पेटी सोडायला सांगितलेली.

गंमत अशी की रत्नी कधी आजारीच पडायची नाही. अण्णा मात्र रोज वाट पाहत. ती शिंकली की टांगा जनावरांच्या दवाखान्याकडे वळलाच, मग आत मी बसलेली असले तरी. शाळेत उशिरा पोचण्याचं कारण म्हणून मी हेडबाईंना घोडीची शिंक सांगितलेली आहे. तिथले डॉक्टर हैदराबादचे, विलक्षण सभ्य. ते रत्नीचे दात बघत, पोटाला कान लावत आणि म्हणत, "अण्णा, तुमारी घोडी मेरे से अच्छी है. नक्को लाया करो इसकू."

अण्णा हिरमुसले होऊन परत येत. साठवलेल्या पैशाला काम नाही म्हणून हिरमुसलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

एका मे महिन्यात मी सुट्टी असूनही बिदरला राहिले. उदगीरला घरी गेले असते तर स्थळं दाखवून दाखवून घरच्यांनी माझा जीव घेतला असता. एका सकाळी खिडकीतून बघते तर अण्णांचा टांगा चाललाय आणि पुढच्या बैठकीवर कुणीच नाही. अण्णा मागे, उतारूच्या जागेवर, मांडीवर हात ठेवून बसलेले. रत्नी आपली आपण चालली होती. थोड्या वेळानं ती वळसा घालून परत आली, अण्णा उतरले, पुढे गेले, कमरेच्या पिशवीतून एक नाणं काढून त्यांनी तिच्या कपाळाला लावलं आणि आतल्या खिशात टाकलं.

मी खाली जाऊन विचारलं, "अण्णा, हे काय?"

"शाळा बंद हाय. उतारू न्हाई. बोणी तर व्हायला पाहिजे की."

हे सगळं मी हसत सांगतेय, पण अण्णांच्या घरात एक माणूस होतं ज्याला याचं हसू येत नव्हतं. ते माणूस म्हणजे अक्का, अण्णांची बायको. रविवारी मी मागच्या गल्लीत त्यांच्याकडे ताक प्यायला जायची. एक खोली आणि तिला लागून तबेला. चुलीपुढे बसलं की दारातून थेट रत्नीचं तोंड दिसे. अक्कांचं माहेर गुलबर्ग्याजवळचं, मोकळ्या अंगणाचं. मूलबाळ नव्हतं. भाऊ गुलबर्ग्याला बसच्या डेपोत होता, आणि त्यानं अण्णांसाठी तिथं फाटकावरची नोकरी बघून ठेवली होती. नळाची सोय असलेली खोली मिळणार होती. बिदरला बस वाढत चालल्या होत्या, अड्ड्यावरचे टांगे कमी होत होते, हे अण्णांनाही दिसत होतं.

"जावा की अण्णा," मी म्हणाले.

"रत्नीचं काय करू? ह्या वयात हिला कोण घेणार? तांबडा दगड वाहणारे घेतील. खाणीवर घोडं किती दिवस टिकतं, ठावं हाय का तुमाला?"

मला ठाऊक होतं. बिदरमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा विषय तिथंच संपे, आणि अक्का चुलीतलं लाकूड उगाच पुढे सारत.

अक्का रत्नीला सवत म्हणायच्या. तोंडावर. "काय गं सवती, बघायलीस काय?" आणि माझ्याकडे वळून, "एका दावणीला दोघी हाव आमी, बाई. एकीच्या दुखण्याचा पैसा भिंतीत हाय. दुसरीनं दुखणं काढायचंच न्हाई."

अण्णा हे ऐकत आणि रत्नीला खरारा करत राहत. ते वाईट नव्हते. अक्कांना नवं लुगडं घेताना ते स्वतः फाटका सदरा घालत. पण भिंतीतला पैसा त्यांच्या लेखी त्यांचा नव्हताच, आणि जो आपला नाही तो बायकोला द्यायचा कसा, हे त्यांना खरंच कळत नव्हतं.

मग अक्कांच्या पोटात दुखायला लागलं. त्यांनी ते बरेच दिवस लपवलं. सरकारी डॉक्टरांनी तपासून सांगितलं की गाठ आहे, गुलबर्ग्याला मोठ्या दवाखान्यात न्या, कापून काढावी लागेल, लांबवू नका. जाणं-येणं, औषधं, तिथं राहणं, सगळ्यालाच पैसा हवा होता. मी द्यायला तयार होते आणि तसं बोललेही. अक्का खाटेवर पडून होत्या. त्यांनी मान हलवली.

"परक्याचं कामून घेऊ? घरात पैसा हाय की." मग डोळे मिटून त्या म्हणाल्या, "एकदा तरी त्यो गल्ला माझ्यासाठी फुटू दे."

अण्णा दारात उभे होते. त्यांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं जायचं ठरलं. सकाळीच मी गेले. चाचाही त्यांना बस अड्ड्यावर सोडायला आपला टांगा घेऊन आले होते. गाठोडं बांधलेलं होतं. अण्णा अंघोळ करून, ओल्या कपड्यानं तबेल्यात उभे होते आणि त्यांच्या हातात कण्हेरीचं फूल होतं.

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी ते फूल पाण्यात बुडवलं आणि रत्नीच्या कपाळावर, त्या पांढऱ्या टिक्क्यावर चिकटवलं.

"अण्णा, हे काय करताय?"

"पैसा तिचा हाय, बाई. तिला इचारल्याबिगर कसा घेऊ?" त्यांनी हात जोडले. "रत्ने, घरची बाई आजारी हाय. तुझ्यातलं देतीस का सांग."

मला संताप आला. एका बाईच्या जिवाचा निकाल घोडीनं द्यायचा होता आणि आम्ही सगळे निमूट उभे होतो. मी चाचांकडे बघितलं. चाचा गाठोड्याची गाठ पुन्हा आवळत होते. तुम्ही म्हणाल, सरळ गल्ला फोडायचा. पण अण्णांचा चेहरा तुम्ही पाहिलेला नाही. त्यांना होकारच हवा होता, मनापासून हवा होता, पण तो त्यांना चोरून घेता येत नव्हता.

रत्नी हलेना. माश्या बसल्या तर तिनं कातडी थरथरवली, कान हलवले, फूल मात्र चिकटलेलंच. ऊन अंगणभर आलं. बसच्या वेळेची चाचांनी दोनदा आठवण करून दिली. अण्णा हात जोडून तसेच.

आतून अक्कांचा आवाज आला. "काय म्हणती सवत?"

मग अक्का उठल्या. भिंतीला धरून, पोटावर हात दाबून त्या चुलीपाशी गेल्या, तिथून तबेल्याच्या दारात आल्या आणि रत्नीच्या उजव्या अंगाला येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा एक हात पदराखाली होता. त्यांनी तो किंचित पुढे केला. रत्नीनं लगेच मान उजवीकडे वळवली, पदरात तोंड खुपसलं, आणि फूल टपकन अक्कांच्या पायाशी पडलं.

"उजवा दिला," अण्णा म्हणाले. मग त्यांनी मुसळानं गल्ला फोडला. नाणी तबेल्याच्या कोंड्यात पडली. निजामाचे जुने हाली सिक्के आणि हिंदुस्थान सरकारचे नवे कलदार, सगळे एकत्र.

अण्णा नाणी वेचत होते, चाचा त्यांना मदत करत होते, आणि मी एकटी रत्नीकडे बघत होते. ती काहीतरी चघळत होती. पदराखालून अक्कांनी तिला भाकरीचा पापुद्रा दिला होता.

बस सुटायच्या आधी अक्कांनी मला खिडकीपाशी बोलावलं. "सवतीला सकाळची पहिली भाकर लागती. मी रोज देते. नुसती हरभऱ्याची चंदी टाकली तर तोंड लावणार न्हाई ती. तुमी देत जावा." मग अण्णांकडे बघत, हळू आवाजात, "ह्यांना सांगू नका."

अण्णा गुलबर्ग्याला होते तोवर चाचा रत्नीला जुंपत होते. त्यांनी पहिली बोणी तिचीच ठेवली. नवा गल्ला आणून त्यात टाकत राहिले. पेटीच्या माणसाला हे करताना काय वाटलं असेल कोण जाणे. आणि मी शाळेला निघण्याआधी तबेल्यात जाऊन तिला भाकरी घालत होते.

ऑपरेशन झालं, पण नंतर आलेला ताप उतरला नाही. अक्का तिथंच वारल्या.

अण्णा बसनं परत आले. उरलेले पैसे त्यांनी फडक्यात बांधून आणले होते. ते त्यांनी एकेक करून नव्या गल्ल्यात टाकले, आणि मगच आत जाऊन भिंतीला टेकले.

ते परत आल्यावर माझं तबेल्यात जाणं बंद झालं. एकट्या पुरुषाच्या घरी मास्तरीणबाई रोज सकाळी कशाला जाते, असं घरमालकीणबाईंनी मला विचारलंच होतं. मी पुन्हा पडद्याआड बसून शाळेला जाऊ लागले. आणि आठवडाही झाला नसेल, रत्नी खायची बंद झाली.

अखेर ती आजारी पडली होती. अण्णांनी गल्ला फोडला आणि तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दात बघितले, पोटाला कान लावला, डोळे बघितले. "अण्णा, इसकू कुछ नहीं हुआ."

"पुन्ना बघा साहेब. पैसा हाय माझ्याकडं."

डॉक्टरांनी त्यांच्या समाधानासाठी पूड दिली. रत्नीनं ती थुंकली. तिच्या बरगड्या दिसायला लागल्या. एका सकाळी टांगा माझ्या दारी आला तेव्हा अण्णा रत्नीच्या पुढे चालत होते. ते म्हणाले की आता हिला हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात नेतो, सगळा पैसा घालतो.

"तिचा पैसा घेतला मनून रुसलीय ती, बाई. चाचाकडं खात हुती, माझ्याकडं खायना. तिचा घेतला, आन ज्या माणसासाठी घेतला ते बी राहिलं न्हाई."

अक्कांनी मला सांगू नका म्हटलं होतं. पण ते जिवंतपणीचं बोलणं होतं. मी टांग्यात न बसता रस्त्यातच उभी राहिले.

"अण्णा, कौल लागला तेव्हा अक्कांच्या पदराखाली काय होतं, बघितलंत का?"

"न्हाई."

"भाकरीचा पापुद्रा. अक्का तिला रोज सकाळी पहिली भाकरी घालत होत्या. तुम्ही नव्हता तेव्हा मी घालत होते."

अण्णांनी रत्नीच्या मानेवर हात ठेवला.

"मंजी कौल देवानं न्हाई दिला."

"नाही."

"घरच्या बाईनं घेतला. आपला आपण."

"हो."

"मी तिथं हुभा हुतो, बाई," अण्णा म्हणाले. "इतकी वर्सं घोडीचं शिंकणं ऐकलं. घरातल्या बाईला दुखायलंय ते ऐकू आलं न्हाई. मी का न्हाई दिला कौल? माझ्याच हातात हुता की."

मी पडदा बाजूला करून टांग्यात बसले. त्या दिवशी त्यांनी बोणी मागितली नाही, आणि मला द्यायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी टांगा आला नाही. मी दारात उभी राहून शेवटी पायीच निघावं असं ठरवत होते, तेवढ्यात वळणावर रत्नी दिसली. अण्णांच्या दोन्ही हातांना ज्वारीचं पीठ लागलेलं होतं आणि अंगठ्यावर भाजल्याचा फोड होता. रत्नीचा जबडा हलत होता.

"मोडली," अण्णा म्हणाले. "थापता थापता तीन ठिकाणी मोडली. तरी खाल्ली तिनं."

मी नाणं पुढे केलं. अण्णांनी ते घेतलं, रत्नीच्या कपाळाला लावलं, स्वतःच्या कपाळाला लावलं आणि तसेच थांबले. मग नाणं आतल्या खिशात न टाकता त्यांनी कमरेच्या पिशवीत टाकलं.

"तिची बोणी झाली आज," ते म्हणाले. "घरीच."

जिल्हा म्हैसूर राज्यात जाऊन माझी बदली होईपर्यंत हे असंच चाललं. अक्कांच्या भावाचा निरोप दर दोन-चार महिन्यांनी येई, की फाटकावरची जागा अजून आहे, आता तरी या. मी एकदा अण्णांना म्हणाले की आता तुम्हाला कशानं अडवलंय, भिंतीत गल्लासुद्धा राहिला नाही. चाचा रत्नीला सांभाळतील, खाणीवर देणार नाहीत.

अण्णांनी लगाम हातात घेतला. नखांत पीठ वाळलेलं होतं.

"चाचा सांभाळतील, बाई. पर भाकर कोण टाकील? तिच्यासारखी थापायला मला अजून येईना."

आणि टांगा चौबाऱ्याकडे निघाला, नेहमीसारखा, उशिरा.